अटलांटिक वर्षावन: झाडं लावून जंगल परत येतं का?

रानवेडी

वर्षावन म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी ॲमेझॉन येतं. पण ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावर आणखी एक वर्षावन आहे आणि त्याची अवस्था ॲमेझॉनपेक्षा कितीतरी वाईट आहे. ते म्हणजे अटलांटिक वर्षावन. १५०० साली पोर्तुगीज जहाजं लागली ती याच जंगलाच्या किनाऱ्याला. ज्याच्या लाकडातून लाल रंग निघतो ते पाऊ-ब्राझील इथलंच, आणि देशाचं नावही त्याच्यावरूनच पडलं. आधी त्या लाकडासाठी, मग उसासाठी, मग कॉफीसाठी, मग गुरांसाठी असं हे रान तुटत राहिलं. मूळचं सुमारे १३ लाख चौरस किलोमीटर, पार पराग्वे आणि अर्जेंटिनापर्यंत पसरलेलं. आज बऱ्यापैकी शाबूत असं १२ टक्क्यांच्या आसपास उरलंय, तेही तुकड्यातुकड्यांत. ८० टक्क्यांहून जास्त तुकडे ५० हेक्टरांपेक्षा लहान आहेत. तरीही त्यात २०,००० च्या आसपास वनस्पती आहेत, आणि त्यातल्या जवळजवळ ८,००० जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत.

२००९ साली तिथल्या संस्था, संशोधक, कंपन्या आणि सरकारी खाती यांनी मिळून एक करार केला: २०५० पर्यंत दीड कोटी हेक्टर जंगल परत आणायचं. जवळजवळ नेपाळएवढा मुलूख! डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगभरातल्या पहिल्या दहा आदर्श पुनरुज्जीवन प्रकल्पांत या कामाची निवड केली.

वाचून खूप बरं वाटलं, पण एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. रोपं लावली, वाढली, सावली पडली. त्याला जंगल कधी म्हणायचं? कोणी तिकडे राहिलं असेल, काम केलं असेल तर जरूर लिहा.

गजधर

छान विषय, वाचतोय. व्हायोलिन शिकतो म्हणून एवढंच सांगतो की उत्तम गज आजही पाऊ-ब्राझीलच्याच लाकडाचा मानतात. झाड धोक्यात आल्यामुळे त्या लाकडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. माझ्या गुरूंचा जुना गज हातात घेतला की आता वेगळंच वाटतं.

पाऊलवाट

नोकरीनिमित्त चार वर्षं साओ पावलो राज्यात होतो. सुट्टीच्या दिवशी एका रोपवाटिकेत मदतीला जायचो, तिथून लागवडीवरही. जे पाहिलं ते लिहितो.

आधी हे मनातून काढून टाका की खड्डा खणला, रोप लावलं, झालं काम. खरी लढाई गवताशी असते. गुरांसाठी आफ्रिकेतून आणलेलं ब्राकियारिया नावाचं गवत सगळीकडे माजलंय. माणसाच्या छातीएवढं वाढतं. त्यात लावलेलं रोप दोन महिन्यांत दिसेनासं होतं. दोन-तीन वर्षं ते गवत काढत राहायचं, तेव्हा कुठे फांद्यांना फांद्या भिडतात आणि खाली सावली पडून गवत मरतं. सगळा खटाटोप त्या सावलीसाठी.

दुसरा शत्रू म्हणजे पानं कापणाऱ्या मुंग्या, सौवा. एका रात्रीत रोपाचा खराटा करून टाकतात. ‘ब्राझीलने सौवा संपवली नाही तर सौवा ब्राझीलला संपवेल’ अशी तिथे जुनी म्हणच आहे.

नेहमीचं अंतर तीन मीटर बाय दोन मीटर, म्हणजे हेक्टरी १,६६७ रोपं. पण कुठलं रोप कुठे, याला महत्त्व. काही झाडं भराभर वाढून सावली धरणारी, काही सावकाश वाढणारी पण शंभर वर्षं टिकणारी. दोन्हींच्या ओळी आलटूनपालटून लावतात. सुरुवातीच्या काळात मोजक्याच जातींची लागवड व्हायची. भराभर वाढणारी झाडं पंधरा-वीस वर्षांत म्हातारी होऊन पडायची, खाली दुसरं काहीच नसायचं, आणि गवत परत यायचं. त्यातून शिकून साओ पावलो राज्याने तेव्हा नियमच केला होता की पुनरुज्जीवनात किमान ८० देशी जाती आणायच्या.

रानवेडी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या वाटिकेच्या मुकादमांनी दिलं होतं. मी विचारलं, लागवड जमली हे कसं कळतं? ते म्हणाले, खाली बस आणि आम्ही न लावलेलं रोप शोध.

रानवेडी

पाऊलवाट, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. अजून लिहा.

आकडेमोड

पाऊलवाट यांचा प्रतिसाद सुरेख, पण मला हिशेब जुळत नाही. दीड कोटी हेक्टर गुणिले १,६६७ म्हणजे २,५०० कोटी रोपं. एवढ्या बिया, एवढ्या पिशव्या, एवढे हात कुठून आणायचे? आणि प्रत्येक रोपामागे तीन वर्षं गवत काढायचं?

दुसरं असं की जगभर ‘जंगल परत आणू’ म्हणून देशांनी जे शब्द दिलेत, त्यांची २०१९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी छाननी केली होती. त्यातली ४५ टक्के जमीन प्रत्यक्षात निलगिरी, बाभूळ वगैरेंच्या एकसुरी लागवडीसाठी होती. ती कापून कागद होणार. म्हणून ‘अमुक कोटी झाडं लावली’ अशी बातमी दिसली की मी पुढे वाचतच नाही.

मागे एका कंपनीच्या वृक्षारोपणाला स्वतः गेलो होतो. टोप्या, फलक, फोटो. सहा महिन्यांनी तिथे गेलो तर उन्हात वाळलेल्या काटक्या. कोणी पाणी घातलं नव्हतं, कोणी मोजलंही नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही.

शेवाळं

आकडेमोड, राग समजू शकते. पण दीड कोटी हेक्टरांवर रोपं लावायचीच नाहीत! बऱ्याच जागी फक्त कुंपण घालून गुरं बाहेर ठेवायची आणि आगीपासून जपायचं. जवळ जुनं जंगल असेल आणि माती फार मेलेली नसेल तर रान आपोआप उठतं.

२०२१ मध्ये अमेरिका खंडाच्या आणि पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशातल्या अशा आपोआप आलेल्या रानांचा मोठा अभ्यास आला होता. माती साधारण १० वर्षांच्या आत सावरते. जंगलाची उंचसखल ठेवण आणि जातींची संख्या २५ ते ६० वर्षांत. पण झाडांचं एकूण वजन आणि नेमक्या त्याच जाती परत यायला १२० वर्षांहून जास्त. सरासरी काढली तर २० वर्षांत जुन्या जंगलाच्या ७८ टक्क्यांपर्यंत मजल जाते.

अटलांटिक वर्षावनात २०११ ते २०१५ या पाच वर्षांत सुमारे ७ लाख हेक्टर रान सावरल्याचं उपग्रहांच्या चित्रांवरून दिसलंय. तेव्हा कुदळ हातात घेण्याआधी पाच वर्षं थांबून बघावं, या मताची मी आहे.

पाऊलवाट

शेवाळंताई, जवळ जुनं जंगल असेल तर. ते ‘असेल तर’ फार मोठं आहे. मी ज्या भागात होतो तिथे टेकडीवर उभं राहिलं की नजर जाईल तिथे ऊस. दहा किलोमीटरांत बी देणारं झाड नाही. तिथे थांबलात तर जन्मभर गवतच बघाल.

शेवाळं

मान्य. म्हणून आधी जागा बघायची, मग ठरवायचं. मधला मार्गही आहे. कोस्टा रिकात केलेल्या प्रयोगांत सगळं शेत न भरता बेटं लावली, झाडांचे छोटे छोटे पुंजके. पक्षी त्यांवर येऊन बसतात, विष्ठेतून बिया टाकतात आणि बेटं पसरत जातात. रोपं बरीच कमी लागतात आणि दहा-पंधरा वर्षांनी फरक फारसा उरत नाही.

टिकलीभर

मियावाकीबद्दल, म्हणजे छोट्या जागेत दाटीने झाडं लावायच्या जपानी पद्धतीबद्दल, कोणीच कसं बोललं नाही?

पाऊलवाट

कारण प्रमाण वेगळं आहे. मियावाकीत चौरस मीटरला तीन-चार रोपं. शाळेच्या आवारात, कारखान्याच्या कडेला सुंदर काम होतं. हजारो हेक्टरांना ते झेपणारं नाही.

किनारा

रिओत राहतो. शहराच्या मधोमध तिजुकाचं जंगल आहे. इथे पहिल्यांदा आलो तेव्हा वाटलं, शहराने एवढं आदिम रान जपलं! नंतर कळलं की हे रान मुळात परत आणलेलं आहे.

या डोंगरांवर कॉफीचे मळे होते. उतार उघडे पडले, झरे आटले, शहराला प्यायला पाणी मिळेना. शेवटी १८६१ मध्ये सम्राट दुसरा पेद्रू याने मळ्यांच्या जागी जंगल उभं करायचा हुकूम काढला आणि मेजर आर्चर यांच्यावर काम सोपवलं. तेरा वर्षांत सुमारे एक लाख झाडं लावली गेली. पाट्यांवर नाव आर्चरचं असतं. पण खड्डे खणले, डोक्यावरून रोपं वाहिली ती गुलाम माणसांनी. एलेउतेरिओ, कोन्स्तांतिनो, मानुएल, मातेउस, लेओपोल्दो आणि मारिया अशी पहिल्या सहा जणांची नावं सांगतात. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली १८८८ मध्ये, म्हणजे झाडं कमरेच्या वर गेल्यावर. मी त्या वाटेने जातो तेव्हा ही सहा नावं मनात म्हणतो.

आता मूळ प्रश्न. दीडशे वर्षं झाली, वर बघितलं तर जंगलच. पण बरीच वर्षं आत शांतता होती. शिकार आणि शहर यांच्यामुळे मोठे प्राणी संपले होते, आणि मोठ्या बिया झाडाखाली पडून तिथेच कुजत होत्या. २०१० पासून संशोधकांनी तिथे अगूटी परत सोडायला सुरुवात केली. अगूटी म्हणजे सशाएवढा कुरतडणारा प्राणी. तो बिया दूर नेऊन जमिनीत पुरतो आणि काही विसरतो. त्या विसरण्यातून झाडं उगवतात. २०१५ मध्ये ओरडी माकडं सोडली. सकाळी त्यांची आरोळी पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटेवरचे आम्ही सगळे अनोळखी लोक थांबून एकमेकांकडे बघत होतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लोकांना सांगायलाच हवी: तिजुकात सगळ्यात त्रासदायक घुसखोर झाडांपैकी एक म्हणजे फणस.

टिकलीभर

फणस?!

किनारा

होय. पोर्तुगीजांनी भारतातून नेला. इथली हवा त्याला इतकी मानवली की काही उतारांवर फणसाखाली फणसाचीच रोपं. देशी झाडांना जागाच उरत नाही. उद्यानाचे लोक रोपं उपटतात, मोठ्या झाडांची साल गोल कापून ती उभ्यानेच वाळवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात कालवलं. आता रोपं उपटायला मीही जातो. त्याचं घर इथे नाही, हे पटायला वेळ लागला.

गजधर

म्हणजे पाऊलवाट यांच्या मुकादमांची कसोटी फणसही पास होतो. न लावलेलं रोप!

पाऊलवाट

गजधर, हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. कसोटी थोडी बदलावी लागेल: आपण न लावलेली, वेगवेगळ्या जातींची रोपं.

आकडेमोड

किनारा यांच्या माहितीवर मी परत हिशेब केला. एक लाख झाडं आजच्या दाटीने लावली तर ६० हेक्टर भरतात. अगदी विरळ, पाच मीटर अंतराने धरली तरी २५० हेक्टर. आजचं तिजुका राष्ट्रीय उद्यान सुमारे ३,९०० हेक्टरांचं. म्हणजे बहुतेक जंगल लावलेलंच नाही, ते आपलं आपण आलं. शेवाळंताई, तुमचा मुद्दा माझ्याच आकड्यांनी सिद्ध झाला.

शेवाळं

धन्यवाद, पण मला यात आर्चर आणि त्या सहा जणांचंही श्रेय दिसतं. मळे बंद झाले, राखण सुरू झाली, हे लागवडीमुळेच झालं ना? लागवड असली की त्या जमिनीला कोणीतरी वाली मिळतो.

टिटवी

बियांचा विषय निघालाय म्हणून लिहिते. या जंगलात जुसारा नावाचा पाम आहे. त्याचा कोवळा गाभा खायला कापतात आणि गाभा काढला की झाड मरतं, म्हणून तो आधीच संकटात. त्याची फळं टूकानसारखे मोठ्या चोचीचे पक्षी गिळतात आणि बिया दूर टाकतात. २०१३ मध्ये संशोधकांना दिसलं की जिथून मोठे पक्षी नाहीसे झाले, तिथल्या जुसाराच्या बियाच लहान झाल्यात. लहान पक्ष्यांच्या चोचीत मावतील तेवढ्याच बिया पसरतात, मोठ्या मरतात. तेही शंभरेक वर्षांत! आणि लहान बी लवकर सुकतं, रोप अशक्त निघतं.

मला हे वाचून रडू आलं होतं. पक्षी जातो तेव्हा झाडाची पुढची पिढीही खुजी होत जाते. म्हणून नुसती झाडं मोजणाऱ्यांना मी विचारते, चोची मोजल्यात का?

अवखळ

थोडं अवांतर. कोस्टा रिकात संत्र्यांच्या सालींनी जंगल उगवलं, ते माहीत आहे का? रस काढून उरलेल्या १२,००० टन साली एका ओसाड माळावर ओतल्या आणि विसरून गेले. सोळा वर्षांनी तिथे इतकं दाट रान की जागेची पाटीही सापडेना.

शेवाळं

गोष्ट खरी आहे, पण तिथलं रान कोरड्या हंगामाचं, पानगळीचं. वर्षावन नव्हे. आणि जागा तीनच हेक्टर. तरी मेलेल्या मातीला खाऊपिऊ घातलं की काय होतं, त्याचं उदाहरण म्हणून मलाही फार आवडतं.

हिशेबनीस

सगळं छान, पण जमीन कोणाची? बहुतेक खाजगी. ब्राझीलच्या २०१२ च्या वन कायद्यानुसार या भागात शेतकऱ्याने २० टक्के जमीन देशी झाडीखाली ठेवायची, शिवाय नदीकाठ वेगळा. पण कायदा सांगतो म्हणून कोणी कुरण सोडत नाही. पोट आहे.

मला पटलेलं उदाहरण एक्स्ट्रेमा या गावाचं. साओ पावलोला पाणी देणाऱ्या कांतारेरा धरणांच्या वरच्या अंगाला आहे. २००५ मध्ये तिथल्या नगरपालिकेने कायदा केला आणि झऱ्यांना कुंपण घालू देणाऱ्या, झाडं लावू देणाऱ्या शेतकऱ्यांना दरवर्षी पैसे द्यायला लागली. पाणी तयार करणं हेही एक पीक मानलं. २०१४-१५ मध्ये धरणं तळाला गेली आणि सगळं महानगर हवालदिल झालं, तेव्हा या कामाची किंमत अनेकांना कळली.

दुसरा मार्ग बऱ्याच जणांना आवडणार नाही: निलगिरी.

टिटवी

निलगिरी?? अजिबात नको.

हिशेबनीस

पूर्ण ऐका ताई. निलगिरीच्या ओळी देशी झाडांच्या ओळींमध्ये तात्पुरत्या लावायच्या. चार-पाच वर्षांत कापून विकायच्या, मोकळ्या जागी देशी जाती. प्रयोगांत लागवडीचा ४४ ते ७५ टक्के खर्च त्यातून निघाला आणि खाली देशी रोपं उगवणं थांबलं नाही. पैसे संपले म्हणून तिसऱ्या वर्षी सोडून दिलेली लागवड मी पाहिली आहे. त्यापेक्षा हे बरं.

टिटवी

कापतील याची खात्री काय? भाव चांगला आला की परत निलगिरीच लावतील. मला अजून पटलेलं नाही, पण आकडे विचार करायला लावणारे आहेत.

रानवेडी

हिशेबनीस, टिटवी, दोघांचंही पटतंय, त्यामुळे अडकले आहे.

बिया कुठून येतात हा आकडेमोड यांचा प्रश्न राहिला होता, तो शोधला. शिंगू नदीच्या खोऱ्यात, अटलांटिक वर्षावनापासून दूर, ॲमेझॉनच्या कडेला, २००७ पासून बिया गोळा करणाऱ्यांचं जाळं आहे. आदिवासी, छोटे शेतकरी, गावातली माणसं असे पाचशेहून जास्त जण. डझनावारी जातींच्या बिया वाळूत कालवून थेट जमिनीत पेरतात. त्या मिश्रणाला ‘मुवुका’ म्हणतात. त्यात वेगाने वाढणाऱ्या शेंगावर्गी वनस्पतीही असतात. त्या आधी सावली धरतात आणि मागून मोठी झाडं येतात. पिशवी नाही, वाटिका नाही.

त्यांतल्या इक्पेंग जमातीच्या बायकांच्या गटाने स्वतःला ‘यारांग’ नाव घेतलंय. त्यांच्या भाषेत यारांग म्हणजे पानं कापणारी मुंगी. पाऊलवाट, तुमच्या लागवडीची वैरीण!

पाऊलवाट

वा! हे त्या मुकादमांना कळवायलाच हवं. मुंग्या रांगेने ओझं वाहतात तशा त्या बिया वाहतात, हे डोळ्यांसमोर आलं.

नभा

उशिरा आले, सगळं एका दमात वाचलं. छायाचित्रकार सेबास्तियाओ साल्गादो यांचा उल्लेख हवाच. त्यांनी आणि पत्नी लेलिया यांनी १९९८ मध्ये मिनास जेराइसमधल्या घराण्याच्या उजाड रानावर संस्था काढली आणि वीस लाखांहून जास्त झाडं लावली. झरे परत वाहू लागले. साल्गादो २०२५ च्या मे महिन्यात गेले.

पण माझं मन दुसरीकडे आहे: सोनेरी सिंह-टॅमरिन. मूठभर माकड, केशरी आयाळ. १९७० च्या दशकात रानात जेमतेम दोनशे उरली होती. १९८४ पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली माकडं जंगलात सोडली आणि संख्या वाढत गेली. मग पीतज्वराची साथ आली आणि सुमारे तिसरा हिस्सा मेला. तरी २०२३ च्या मोजणीत ४,८०० च्या आसपास भरली. त्यांच्यासाठी एका महामार्गावर झाडं लावलेला पूल बांधलाय, कारण ती जमिनीवर उतरून डांबर ओलांडत नाहीत. रानाचे दोन तुकडे कितीही चांगले असले तरी मध्ये रस्ता आला की ते दोन तुरुंग होतात.

तसंच साओ पावलोच्या पश्चिमेला पोंताल भागात. भूमिहीनांच्या चळवळीतून ज्यांना जमिनी मिळाल्या त्या कुटुंबांनी रोपवाटिका चालवल्या, आणि काळ्या सिंह-टॅमरिनसाठी दोन रानं जोडणारा पट्टा उभा केला. चोवीस लाखांच्या आसपास झाडं. ती रोपं विकून घरं चालली. आकडेमोड, तुम्ही विचारलेले हात हे.

आकडेमोड

नभा, वाचलं. हात मिळाले. आता मला कोटींच्या बातमीखालीही पुढे वाचावं लागणार, फक्त दोन प्रश्न घेऊन: तीन वर्षांनी किती उभी होती, आणि खाली काय उगवलंय.

टिटवी

आणि तिसरा, ते कोणी पेरलं.

किनारा

रविवारी तिजुकात गेलो होतो, फणसाची रोपं उपटायला. साल कापून वाळवलेल्या एका जुन्या फणसाखाली मुकादमांची कसोटी करून पाहिली. गुडघे टेकून एका हाताच्या परिघात मोजलं. सात वेगवेगळी पानं निघाली. त्यांतली दोन ओळखली, एक जुसारा. बाकी पाच सोबतच्या वनरक्षकांना विचारली. चारांची नावं त्यांनी सांगितली. पाचव्याचं पान त्यांनी वहीत ठेवलंय, विचारून सांगतो म्हणाले.

रानवेडी

किनारा, पाचव्याचं नाव कळलं की इथे नक्की लिहा. वाट बघते.